मतं अजिबात न जुळणाऱ्या जोडप्यांचे रोमँटिक कॉमेडी सिनेमे सुचवा, पण शेवटी कुणी शरण गेलेलं नको

रानजाई

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

माझं लग्न ठरलंय, डिसेंबरमध्ये आहे. मी नाशिकची, तो सांगलीकडचा, ओळख ऑफिसात झाली आणि आता त्याची बदली हैदराबादला झालीय. आमचं बाकी सगळं छान जुळतं, पैशाचे हिशेब, फिरणं, एकमेकांच्या घरच्यांशी वागणं, सगळं. फक्त देवाधर्माच्या बाबतीत आम्ही दोन टोकांना आहोत. माझ्या बाबांनी अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम केलंय, आमच्या घरी देव्हारा नव्हताच कधी, आणि मी बाबांमुळे नाही तर स्वतः वाचून विचार करून नास्तिक आहे. तो दरवर्षी रजा साठवून वारीला जातो, आळंदी ते पंढरपूर पायी, आजोबा थकल्यापासून त्यांच्या जागी दिंडीत तोच चालतो, गळ्यात माळ आहे आणि ती त्याने अगदी मनापासून घातलीय. मला रजिस्टर लग्न हवंय, त्याच्या आईला सत्यनारायण हवाय, आणि सगळे मोठे लोक मला एकच सांगतात की लग्नानंतर आपोआप होतं सगळं नीट. म्हणजे काय होतं? कोणाचं काय होतं? हे कुणीच सांगत नाही.

दर शनिवारी रात्री आम्ही एकच सिनेमा आपापल्या खोलीत एकाच वेळी लावतो आणि फोन चालू ठेवतो. गेल्या दोनतीन महिन्यांत ठरवून असेच सिनेमे बघितले ज्यात दोघांची मतं उलटी आहेत, आणि जवळजवळ प्रत्येकात तासभर मस्त भांडण रंगतं, मग एकाचा अपघात होतो नाहीतर कोणीतरी आजारी पडतं आणि नास्तिक माणूस हॉस्पिटलच्या कोपऱ्यातल्या गणपतीसमोर हात जोडतो. संपला सिनेमा. मागच्या शनिवारी असंच झालं तेव्हा मी गप्प बसले, आणि पलीकडून तोही गप्प होता, थोड्या वेळाने म्हणाला की हे बघून मलाच कसंतरी झालं, तू अशी घाबरून हात जोडलेस तर मला नाही आवडणार.

तर मला असे सिनेमे हवेत ज्यात दोघं खरोखर वेगळा विचार करतात, भांडतात, हसवतात, आणि शेवटी दोघंही आपापल्या मतावर असतात आणि तरी एकत्र असतात. कुठल्याही भाषेतले चालतील, जुने असले तरी चालतील. आहेत का असे?

विंडोसीट

आहे ना! बाकी सगळं सोडा आणि येत्या शनिवारी 'अ‍ॅडम्स रिब' लावा. १९४९ चा, स्पेन्सर ट्रेसी आणि कॅथरीन हेपबर्न, दिग्दर्शक जॉर्ज क्युकर. कृष्णधवल आहे म्हणून कंटाळा करू नका, पहिल्या पंधरा मिनिटांत विसरायला होतं.

नवरा-बायको दोघं वकील. तो सरकारी वकील अ‍ॅडम, ती अमांडा. एका बाईने आपल्या नवऱ्याला दुसरीबरोबर पकडलं आणि गोळी झाडली, नवरा वाचला, केस कोर्टात आली. सरकारतर्फे खटला येतो अ‍ॅडमकडे, आणि अमांडा मुद्दाम त्या बाईचं वकीलपत्र घेते. तिचं म्हणणं असं की हेच एखाद्या पुरुषाने केलं असतं तर लोकांनी घर वाचवायला गेला बिचारा म्हणून माफ केलं असतं, मग बाईला वेगळा न्याय का. त्याचं म्हणणं, कायदा म्हणजे कायदा, तो चुकीचा वाटत असेल तर बदलून घ्या पण मोडू नका. आता मला सांगा यात चूक कोण? मी पाचसहा वेळा बघितलाय आणि दर वेळी माझी बाजू बदलते, याचं कारण लिहिणाऱ्यांनी दोन्ही बाजूंना सारखंच बळ दिलंय. आणि लिहिणारे कोण तर रूथ गॉर्डन आणि गार्सन केनिन, हे खऱ्या आयुष्यातले नवरा-बायको. घरातलं भांडण आतून माहीत असलेल्या माणसांनी लिहिलंय ते लगेच कळतं.

दिवसभर कोर्टात एकमेकांना आडवं घ्यायचं आणि मधेच पेन्सिल खाली पाडून टेबलाखालून एकमेकांकडे बघून घ्यायचं, हे इतकं गोड आहे की काय सांगू. पण सगळंच गोड नाहीये. हळूहळू कोर्टातलं भांडण घरात शिरतं, मसाज करताना तो तिला एक फटका जरा जोरात मारतो आणि तिला नेमकं कळतं की यात राग होता. तो सीन मला आजही अस्वस्थ करतो.

शेवट सांगत नाही, फक्त एवढंच की तुमची अट पूर्ण होते. शेवटच्या मिनिटालासुद्धा दोघं नव्या भांडणाची तयारी करत असतात, आणि तेही पलंगावर बसून.

पेठेतला

मुंबई-पुणे-मुंबई!! २०१०, सतीश राजवाडे, स्वप्नील जोशी, मुक्ता बर्वे. एक दिवस, एक शहर, दोन माणसं आणि नुसत्या गप्पा. मुलगी मुंबईहून स्थळाला नकार द्यायला येते आणि दिवसभर मुंबई भारी की पुणे यावर वाद. दोघांना नावंसुद्धा नाहीत पहिल्या भागात. शेवटी कोणी आपलं शहर सोडत नाही, तुमची अट इथेही पूर्ण होतेच की.

रानजाई

@विंडोसीट, खूप खूप आभार, शनिवारचा ठरला.

@पेठेतला, अहो मुंपुमुं मला तोंडपाठ आहे, आवडतोच. पण त्यात शहरावरून भांडण आहे हो, आपापल्या गावाचा अभिमान. ते मत बाजूला ठेवूनही माणूस सुखाने जगतो. मला म्हणायचंय ते असं मत, जे सोडलं तर आपण आपणच राहत नाही.

नाना_पंचगंगा

रानजाई, बेटा, अमेरिकेला जायची गरज नाही, आमच्या कोल्हापुरात १९३८ सालीच हे होऊन गेलंय. 'ब्रह्मचारी'. हंस पिक्चर्सचा, कथा आचार्य अत्र्यांची, दिग्दर्शक मास्टर विनायक आणि नायकही तेच. मी तरुणपणी फिल्म सोसायटीत बघितला, हॉल भरलेला आणि म्हातारी माणसं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

औदुंबर नावाचा साधा तरुण. एका पुढाऱ्याचं ब्रह्मचर्यावरचं भाषण ऐकतो आणि पेटून उठतो, खोलीतल्या सिनेनट्यांच्या तसबिरी फेकून देतो, आजन्म ब्रह्मचारी राहायची शपथ घेतो. आणि मग भेटते किशोरी, म्हणजे मीनाक्षी शिरोडकर. मोकळी, धीट, स्वतःला काय हवं ते स्वतः ठरवणारी. 'यमुनाजळी खेळू खेळ कन्हैया' हे गाणं तिचं, पोहण्याच्या पोशाखातलं, आणि १९३८ सालच्या महाराष्ट्रात त्यावरून केवढं वादळ उठलं असेल याचा विचार कर.

आता तू म्हणशील यात शेवटी औदुंबर शपथ मोडतोच, मग अट कुठे पूर्ण झाली. बरोबर आहे. पण मला वाटतं तिथे एक फरक आहे, तो तू बघ. औदुंबरचं मत त्याचं स्वतःचं नव्हतंच, भाषणातून उचललेलं होतं. अत्र्यांनी थट्टा केली ती उसनी मतं मिरवणाऱ्यांची. तू वर लिहिलंस ना, स्वतः वाचून विचार करून नास्तिक आहे, आणि तुझ्या होणाऱ्या नवऱ्याने माळ मनापासून घातलीय. ही दोन्ही मतं उसनी नाहीत, म्हणून ती सहजी मोडणार नाहीत, आणि मोडूही नयेत.

आमच्या घराचं सांगतो. मी शेतकरी कामगार पक्षाच्या घरातला, आमची मंडळी पक्क्या काँग्रेसवाल्यांच्या घरातली. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, घरी आजही दोन वर्तमानपत्रं येतात, सकाळी चहाबरोबर एक तिच्या हातात एक माझ्या. नऊच्या सुमाराला बदलून घेतो. मी काही तिकडे गेलो नाही आणि ती काही इकडे आली नाही.

तिसरी_घंटा

नानांचं उसन्या मताचं म्हणणं फार पटलं. मला या विषयावर बरंच बोलायचंय कारण हे सिनेमे मला एकाच वेळी खूप आवडतात आणि खूप चिडवतात.

रानजाई, 'मिस्टर अँड मिसेस ५५' बघितलायस का? गुरुदत्त, मधुबाला, ओ. पी. नय्यरची गाणी, जॉनी वॉकर, बघताना सुख वाटतं, मधुबालाइतकी मोकळी विनोदी अभिनेत्री क्वचितच बघायला मिळते. पण गोष्ट बघ. तिची आत्या सीतादेवी बायकांच्या हक्कांसाठी, घटस्फोटाच्या कायद्यासाठी काम करणारी. भूमिका ललिता पवारांची, म्हणजे तुमच्याच जिल्ह्यातल्या येवल्याच्या. इस्टेट मिळवायची तर भाचीला लग्न करणं भाग, म्हणून आत्या एका बेकार व्यंगचित्रकाराशी नावापुरतं लग्न लावून देते आणि लगेच घटस्फोट घ्यायचं ठरवते. आणि मग सगळा सिनेमा आत्याला खोटं पाडण्यासाठी. नायक मधुबालाला गावी भावाच्या घरी नेतो, तिथली भावजय चूल, पोरं सांभाळून कशी समाधानी आहे ते तिला दाखवतात आणि हिचं मन पालटतं.

ज्या वर्षी हा सिनेमा आला त्याच वर्षी, १९५५ ला, हिंदू विवाह कायदा झाला, आणि देशभरातल्या हिंदू बायकांना घटस्फोटाचा हक्क मिळाला. माझी आजी त्या काळातली, तिच्या थोरल्या बहिणीला नवऱ्याने टाकलं होतं, आणि ना धड सासर ना माहेर अशी ती जन्मभर राहिली. त्यामुळे त्या आत्यावर थिएटरात हसणारे लोक डोळ्यासमोर आले की माझा जीव तुटतो. सीतादेवीचं मत बरोबर होतं! पण सिनेमात ते मांडायला एकही चांगलं वाक्य तिला दिलं नाही.

हॉलिवूडनेही हेच केलंय. 'वुमन ऑफ द इयर', १९४२, ट्रेसी-हेपबर्नचा एकत्र पहिलाच. ती राजकारणावर लिहिणारी पत्रकार, तो त्याच पेपरातला क्रीडा पत्रकार. ती रेडिओवर म्हणते की युद्ध चालू आहे तोवर बेसबॉल बंद ठेवा, तो पेपरात तिला उत्तर देतो, तिथून प्रेम. सुरुवातीचा अर्धा भाग इतका हुशार आहे. आणि शेवटी काय, तर ही अनेक भाषा येणारी बाई स्वयंपाकघरात नवऱ्यासाठी नाश्ता करायला जाते, कॉफी उतू जाते, वॉफल फुगून बाहेर येतं, आणि प्रेक्षकांनी हसायचं. हा शेवट मुळात नव्हताच, सिनेमा तयार झाल्यावर बदलून परत शूट केला. हुशार बाईला थोडं खाली ओढल्याशिवाय लोकांना बरं वाटणार नाही असं कोणाला तरी वाटलं ना. एवढं मात्र खरं की नवरा, सॅम क्रेग, तिला नुसती मिसेस क्रेग हो असं म्हणत नाही, स्वतःचं नाव ठेव आणि माझंही घे, असं म्हणतो. तेवढाच दिलासा.

म्हणून मी हे सिनेमे बघताना आता एकच गोष्ट तपासते, ज्याचं मत लेखकाला पटत नाही त्या पात्राला चांगले संवाद दिलेत का.

पेठेतला

@तिसरी_घंटा, तुमचं वाचून 'मिस्टर अँड मिसेस ५५' नव्याने कळला, आत्याच्या बाजूने कधी विचारच केला नव्हता. पण मला एक मनापासून विचारायचंय, दोघांनी मतावर ठाम राहणं हेच चांगलं असं का धरून चाललोय आपण? मत बदलणं म्हणजे शरण जाणं नव्हे हो. माझ्या लग्नाला चौदा वर्षं झाली, बायकोला दुसऱ्या शहरात नोकरी लागली तेव्हा मी सरळ नाही म्हटलं होतं, मुलं लहान आहेत, घर कोण बघणार वगैरे. तिने भांडण केलं नाही, महिनाभर रोज शांतपणे बोलत राहिली, आणि एका रात्री मला कळलं की मी चुकतोय. तिला औरंगाबादला सोडायला मीच गेलो आणि दोन वर्षं मुलींच्या वेण्या मी घातल्या. ते मत बदललं त्याचा मला आजही अभिमान आहे.

याच अंगाने 'निनोच्का' बघा, १९३९, दिग्दर्शक लुबिच, नायिका ग्रेटा गार्बो. सोव्हिएत रशियातून पॅरिसला आलेली कडक कम्युनिस्ट अधिकारी आणि तिथला ऐषारामी काउंट. तो तिला हसवायला जोक्स सांगतो, एकही चालत नाही, आणि मग तो खुर्चीवरून धाडकन पडतो तेव्हा ती जी हसते! सिनेमाची जाहिरातच 'गार्बो हसते' अशी होती. ती बदलते, पण तोही पुस्तकं वाचायला लागतो, नोकराला बरोबरीने वागवायचं बोलायला लागतो.

तिसरी_घंटा

पेठेतला, वेण्यांचं वाचून फार छान वाटलं. मत बदलू नये असं माझं म्हणणं नाहीच. तुमच्या बायकोने महिनाभर समजावलं, तुम्ही ऐकून घेतलंत आणि पटलं म्हणून बदललात. सिनेमात बहुतेक वेळा पटवतच नाहीत, थेट अपघात नाहीतर चूल. आणि निनोच्का शेवटी आपला देश कायमचा सोडते, काउंटला काय सोडावं लागतं? हिशेब सारखा नाही तो.

शेवंती_लेस्टर

लेस्टरहून लिहितेय, धागा वाचून राहवलं नाही. अलीकडचं काही हवं असेल तर 'रॉकी और रानी की प्रेम कहानी', २०२३. भडक आहे, लांब आहे, पण कल्पना चांगली आहे, तीन महिने त्याने तिच्या घरी राहायचं आणि तिने त्याच्या. दिल्लीतलं श्रीमंत पंजाबी घर आणि पुस्तकं वाचणारं बंगाली घर. मला आवडलं ते हे की फक्त अडाणी रॉकी सुधारत नाही, रानीच्या घरच्यांनाही त्यांच्या शिष्टपणाबद्दल ऐकून घ्यावं लागतं. आणि आपली क्षिती जोग! रॉकीच्या आईचं काम तिने इतकं हळुवार केलंय, आयुष्यभर दबून राहिलेली बाई आणि गाण्याची हौस, माझ्या मावशीच आठवल्या.

रानजाई, आता थोडं स्वतःचं. जून २०१६ ला इथे युरोपात राहायचं की बाहेर पडायचं यावर मतदान झालं. कॉमनवेल्थ देशांचे नागरिक इथे राहत असतील तर त्यांना पण मत देता येत होतं, म्हणून आम्ही दोघांनी दिलं. मी राहण्याच्या बाजूने, नवरा बाहेर पडण्याच्या. निकाल लागला त्या सकाळी मी रडले आणि तो रडला नाही, आणि मला त्याचाच जास्त राग आला. आठवडाभर आम्ही फक्त मुलाच्या डब्याबद्दल बोलत होतो. मग एक दिवस तो म्हणाला की तुला का एवढं लागलं ते सांग, मी मधे बोलणार नाही. दीड तास बोलले मी. त्याचं मत आजही तेच आहे, माझंही. पण तो दीड तास मला कायम पुरलाय. असा सीन मला कुठल्या सिनेमात दिसला नाही अजून, कोणी दाखवला तर मी दहा वेळा बघेन.

विंडोसीट

शेवंतीताई, किती छान लिहिलंत. 'व्हेन हॅरी मेट सॅली' मध्ये याच्या जवळचं काहीतरी आहे बघा, १९८९, लेखिका नोरा एफ्रॉन. मुलगा आणि मुलगी नुसते मित्र राहू शकतात का यावर बारा वर्षं वाद. मधे मधे म्हातारी जोडपी सोफ्यावर बसून आपण कसे भेटलो ते सांगतात, आणि त्यात एक जण बोलतो तेव्हा दुसरा नुसता ऐकत असतो ना, ते चेहरे बघण्यासारखे आहेत. मात्र त्याच लेखिकेचा 'यू हॅव गॉट मेल' मला कधीच पचला नाही. नायिकेच्या आईने सुरू केलेलं मुलांच्या पुस्तकांचं दुकान नायकाच्या मोठ्या दुकानामुळे बंद पडतं, आणि ती त्याच्याच प्रेमात. दुकान गेलं ते गेलंच की!

रानजाई

उशीर झाला लिहायला, सॉरी. शनिवारी 'अ‍ॅडम्स रिब' बघितला, आणि संपला साडेअकराला पण आम्ही अडीचपर्यंत बोलत होतो.

@विंडोसीट, तो फटक्याचा सीन आला तेव्हा त्यानेच सिनेमा थांबवला. म्हणाला, मी असा फटका मारलाय का तुला कधी, बोलण्यातून? मी खरं सांगितलं. मागे एकदा मी घरच्यांसमोर वारीबद्दल बोलताना तो म्हणाला होता की हिला काय कळणार यातलं, सगळे हसले होते, आणि मी पण हसले होते. त्याला आठवत होतं. मग तो म्हणाला की मी पण एक सांगू का, तू मित्रांमध्ये माझ्या माळेला लायसन्स म्हणतेस ते मला लागतं. मला खरंच माहीत नव्हतं. मी हे कौतुकाने म्हणते अशी माझी समजूत होती.

आणि शेवटी अ‍ॅडम हिशेबनीसाच्या ऑफिसात रडतो आणि नंतर सांगतो की हे रडणं मी मुद्दाम काढलं, तिथे आमचं परत जुंपलं. माझं म्हणणं ही फसवणूक आहे. त्याचं म्हणणं, अश्रू बोलावले असतील पण ते त्या दोघांच्या घराच्या आठवणीनेच आले ना, मग खोटे कसे. अजून मिटलेलं नाही हे.

@शेवंती_लेस्टर, तुमचा दीड तासाचा किस्सा मी त्याला वाचून दाखवला. मग काल त्याने मला सत्यनारायणाबद्दल विचारलं, मधे न बोलता. मी म्हटलं, तुझ्या आईने पूजा जरूर करावी, मी स्वयंपाक करीन, पाहुण्यांना वाढीन, सगळं करीन, पण जोडीने पूजेला बसणार नाही, कारण बसले तर ते मी तुझ्या देवाशीच खोटं बोलल्यासारखं होईल. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, आईला हे असंच्या असं सांगूया, पुढच्या महिन्यात दोघं मिळून सांगलीला जाऊन. काय होईल माहीत नाही, आई चांगल्या आहेत पण त्यांना वाईट वाटणार हे नक्की.

येत्या शनिवारी 'ब्रह्मचारी' बघायचा ठरलाय, नानांचं उसन्या मताचं त्याला फार आवडलं. नाना, तुम्हाला किंवा अजून कोणाला माहीत असेल तर सांगा, याची जरा स्वच्छ आवाजाची प्रत कुठे बघायला मिळेल? मला सापडली तिच्यात संवाद नीट ऐकूच येत नाहीत.